व्हीव्हीटी टेबल: तेलाने फिरणारं टायमिंग, जानेवारी ते मार्च २०२५ च्या नोंदी

५ जानेवारी २०२५

व्हीव्हीटी म्हणजे व्हेरिएबल व्हॉल्व्ह टायमिंग: व्हॉल्व्ह उघडण्या-मिटण्याची वेळ इंजिन चालू असताना बदलणं. ते बघायला इंजिनाचं हेड (व्हॉल्व्ह आणि कॅम बसतात तो वरचा भाग) टेबलावर चढवलं. चार सिलिंडर, सोळा व्हॉल्व्ह, १.६ लिटर पेट्रोल, दोन कॅम (व्हॉल्व्ह दाबून उघडणारे शाफ्ट), चेन, फेजर (कॅमला चेनच्या तुलनेत पुढे-मागे फिरवणारा भाग) फक्त इनटेक कॅमवर. ब्लॉक आणि पिस्टन लागणार नाहीत. क्रँकच्या जागी बेअरिंगवर बसवलेला साधा शाफ्ट, त्यावर मूळचा १८ दात्यांचा स्प्रॉकेट. कॅमवर ३६ दाते. शाफ्ट दोन फेरे फिरला की कॅमचा एक फेरा होतो, त्यामुळे कॅमचा १ अंश म्हणजे क्रँकचे २ अंश. या नोंदींत वेगळं लिहिलं नसेल तिथे अंश क्रँकचेच समजायचे. हा घोळ आधीच मिटवलेला बरा, कारण फेजरवाले कॅमचे अंश बोलतात आणि स्कॅनर क्रँकचे दाखवतो.

टायमिंग चालू इंजिनात कसं सरकतं ते डोळ्यांना दिसावं आणि मोजता यावं, एवढ्यासाठी हा खटाटोप. पुस्तकात बाण काढलेले असतात, पण तेल नक्की काय करतं ते बाणांतून कळत नाही.

आधी फेजर लॉक असताना मूळ टायमिंग मोजलं. शाफ्टवर अंशांची तबकडी, बकेटवर (कॅम आणि व्हॉल्व्ह यांच्यामधली वाटी) डायल गेज. व्हॉल्व्ह क्लिअरन्स थंड स्थितीत इनटेकला ०.२० आणि एक्झॉस्टला ०.३० मि.मी. आहे. उघडण्या-मिटण्याचा क्षण १ मि.मी. उचलीवर धरला. शून्य उचलीवर मोजायला गेलं तर कॅमचा सुरुवातीचा उतार इतका मंद असतो की दोन माणसांच्या वाचनात १० अंशांचा फरक पडतो. शाफ्ट फक्त चालत्या दिशेनेच फिरवायचा. आकडा ओलांडला तर पाव फेरा मागे जाऊन पुन्हा पुढे यायचं, नाहीतर चेनची ढील वाचनात शिरते.

इनटेक पिस्टनच्या वरच्या टोकानंतर १४ अंशांवर उघडतो आणि खालच्या टोकानंतर ४२ अंशांवर मिटतो. म्हणजे २०८ अंश उघडा. एक्झॉस्ट वरच्या टोकाआधी ८ अंशांवर मिटतो. १ मि.मी.च्या हिशेबात दोन्ही व्हॉल्व्ह एकाच वेळी उघडे नाहीत. मध्ये २२ अंशांची फट आहे.

११ जानेवारी

फेजर खोलला. गाडीवरच्या कामात फेजर कधी खोलत नाहीत, अख्खा बदलतात. इथे आतलं मोजायचं होतं म्हणून खोलला.

बाहेरचं घर स्प्रॉकेटला जोडलेलं, चेनबरोबर फिरणारं. आत रोटर, तो मधल्या बोल्टने कॅमला जखडलेला. रोटरला चार पाती. प्रत्येक पातं घरातल्या एका खणात बसतं आणि त्या खणाचे दोन कप्पे करतं. एका बाजूच्या कप्प्यात तेल भरलं तर रोटर घराच्या पुढे सरकतो, ते अॅडव्हान्स. दुसऱ्या बाजूला भरलं तर मागे, ते रिटार्ड. पात्याच्या टोकाला खाचेत एक सील आणि तिच्यामागे पातळ पत्र्याची स्प्रिंग. ही सील बोटाच्या नखाएवढी रुंदही नाही. पण पुढचं सगळं काम तिच्यावर उभं आहे.

एका पात्यात लॉक पिन. तेल नसताना स्प्रिंग तिला घराच्या भोकात ढकलते आणि रोटर पूर्ण रिटार्डला अडकून राहतो. इनटेकला हीच विश्रांतीची जागा. एक्झॉस्टला मात्र विश्रांती पूर्ण अॅडव्हान्सला असते आणि तिथे घड्याळासारखी गुंडाळलेली स्प्रिंग द्यावी लागते. कॅमचं घर्षण रोटरला नेहमी रिटार्डकडेच ओढतं. स्प्रिंग नसेल तर एक्झॉस्टचा फेजर विश्रांतीच्या जागी परतणारच नाही.

पूर्ण रिटार्ड ते पूर्ण अॅडव्हान्स कॅमचे २२ अंश भरले, क्रँकचे ४४. आता ५ तारखेच्या आकड्यांतून ४४ वजा करा. इनटेक वरच्या टोकाआधी ३० अंशांवर उघडेल, खालच्या टोकाआधी २ अंशांवर मिटेल. २२ अंशांची फट जाऊन २२ अंशांचा ओव्हरलॅप (दोन्ही व्हॉल्व्ह एकाच वेळी उघडे) येईल. कॅमचा आकार तोच आणि उघडा राहण्याचा काळही तोच २०८ अंश, फक्त सगळा खेळ आधी होतो. फेजरची ही मर्यादा लक्षात ठेवायची: उघडणं लवकर आणलं की मिटणंही लवकर येतं, दोन्ही सुटे करता येत नाहीत.

कप्प्याची मापं: पात्याची बाहेरची त्रिज्या ३८, आतली २४, उंची २२ मि.मी. एका पात्याचं क्षेत्रफळ ३०८ चौ.मि.मी., सरासरी त्रिज्या ३१. पूर्ण सरकायला चार कप्प्यांत मिळून सुमारे १४.७ मिलि तेल लागतं. अडीच-तीन चहाचे चमचे तेल.

१२ जानेवारी

कालच्या मापांवरून हिशेब. १ बार दाबाला एका पात्यावर ३०.८ न्यूटन बल, चार पात्यांचा मिळून टॉर्क ३.८ न्यूटन-मीटर.

मग इनटेक कॅम एकटा, चेनशिवाय, काट्याच्या टॉर्क पान्याने हळू फिरवला. कॅमच्या नाकाची, म्हणजे उंचवट्याची, चढती बाजू बकेट दाबते तेव्हा काटा ९ न्यूटन-मीटरपर्यंत चढतो. नाक ओलांडलं की व्हॉल्व्हची स्प्रिंगच कॅमला पुढे ढकलते आणि पाना हातातून निसटू पाहतो. एका फेऱ्यात हे चार वेळा.

इंजिन गरम होऊन आयडलला (गाडी उभी, इंजिन सावकाश चालू) आलं की हेडपर्यंत पोचणारा दाब १ बारच्या आसपास उरतो. १ बारला ३.८, आणि कॅमचे धक्के ९ चे. नुसत्या दाबाने पातं जागेवर राहणं शक्य नाही. मग टायमिंग धरून कोण ठेवतं? दोन्ही बाजूंना कोंडलेलं तेल. बाहेर जायला वाट नसेल तर तेल दबत नाही, आणि धक्का ९ चा असो की १२ चा, पातं हलत नाही. या प्रकल्पातला सगळ्यात कामाचा हिशेब हाच. वाट कुठून फुटते ते शोधणं म्हणजेच व्हीव्हीटीचे बहुतेक दोष शोधणं.

१८ जानेवारी

ऑइल कंट्रोल व्हॉल्व्ह, पुढे ओसीव्ही. वर कॉइल, खाली पाच वाटांची बाही आणि तिच्यात सरकणारा स्पूल. मधून तेल येतं, दोन वाटा फेजरच्या दोन बाजूंना जातात, दोन वाटा निचऱ्याच्या. करंट नसेल तर स्प्रिंग स्पूलला एका टोकाला ठेवते: तेल रिटार्डला, अॅडव्हान्सचा निचरा. पूर्ण करंटला उलट. मधोमध एक जागा अशी की स्पूलचे खांदे दोन्ही वाटा झाकतात. हीच 'धरून ठेव'ची जागा, कोंडणारी.

कॉइलचा रेझिस्टन्स २० अंश सेल्सिअसला ७.३ ओहम. १२ व्होल्ट थेट दिले की खट्‌कन आवाज आणि स्पूल साधारण ३ मि.मी. सरकला. ओसीव्ही बाहेर काढून ही चाचणी करताना नुसत्या आवाजावर समाधान मानू नये, बाहीच्या भोकातून स्पूल शेवटपर्यंत गेला आणि परत आला का ते बघावं. अर्ध्यात अडकलेला स्पूलही खट्‌ वाजतो. व्होल्टेज काही सेकंदच द्यायचं, तेल नसताना कॉइल लवकर तापते.

एक बारकावा. मधली जागा गाठायला ०.७५ अँपिअर लागतात. थंड कॉइलला पीडब्ल्यूएम ड्यूटी (वीज भराभर चालू-बंद करताना ती चालू असण्याचा वाटा) ४६ टक्के ठेवली की ते मिळतात. ९० अंशांच्या तेलात कॉइलचा रेझिस्टन्स ९.३ ओहमवर जातो, कारण तांब्याचा रेझिस्टन्स दर अंशाला सुमारे ०.३९ टक्के वाढतो. तेव्हा त्याच करंटला ड्यूटी ५८ टक्के लागते. कंट्रोलर ठरावीक ५० टक्क्यांवर विसंबला तर थंडीत टायमिंग पुढे सरकत जाईल आणि गरम झाल्यावर मागे. म्हणून गाडीचा ईसीयू (इंजिनाचा कंट्रोलर) होल्ड ड्यूटी, म्हणजे 'धरून ठेव'च्या जागेची ड्यूटी, सतत शिकत असतो. आपल्यालाही ते लिहावं लागेल.

२५ जानेवारी

तेलाचा फेरा जोडला. ६ लिटरची टाकी, १ किलोवॅटचा हीटर थर्मोस्टॅटसह, मिनिटाला १० लिटरचा गिअर पंप स्वतंत्र मोटरवर, रिलीफ व्हॉल्व्ह ३ बारला लावलेला. पुढे कार्ट्रिज फिल्टर आणि ओसीव्हीच्या तोंडाशी मूळची बारीक जाळी. तेल ५डब्ल्यू-३०. पंप वेगळा ठेवला तो मुद्दाम, म्हणजे फेरे न बदलता दाब बदलता येतो. इंजिनात हे दोन्ही एकमेकांना बांधलेले असतात आणि दोष कुणाचा ते कळत नाही.

शाफ्टला १.१ किलोवॅटची तीन फेजची मोटर, व्हीएफडीवर (मोटरचा वेग बदलणारा ड्राइव्ह), मिनिटाला १,४०० फेऱ्यांपर्यंत. शाफ्टवर जुनं फ्लायव्हील चढवलं. ते नसताना कॅमच्या धक्क्यांनी फेऱ्यांचा वेगच खालीवर होत होता आणि अंशांचं मोजमाप नासत होतं.

फेजरचा मधला बोल्ट आवळताना कॅमला षटकोनी भागावर पान्याने धरलं. चेन किंवा लॉक पिन यांच्या आधाराने आवळायचं नाही. पिन वाकते किंवा तिचं भोक लांबट होतं, आणि तो दोष नंतर रोज सकाळी ऐकू येतो.

१ फेब्रुवारी

पहिला फेरा. ६०० फेरे, तेल ४० अंश, दाब ३ बार.

तेल फेसाळलं. परतीची नळी टाकीच्या वरून धार सोडत होती आणि हवा मिसळत होती. हवा असलेलं तेल दबतं, त्यामुळे कोंडण्याला अर्थ उरत नाही: धरून ठेवल्यावरही स्ट्रोबच्या (ठरावीक क्षणी चमकणाऱ्या दिव्याच्या) उजेडात फेजरची खूण थरथरताना दिसली. परतीची नळी पातळीखाली नेली, टाकीत मध्ये आडवा पत्रा घातला, तासभर चालवलं. थरथर गेली. गाडीत तेल कमी असलं तर पंप हवा ओढतो; तेल जास्त भरलं आणि क्रँक त्यात बुडाला तर तो तेल घुसळतो. दोन्हींचा शेवट एकच.

स्ट्रोबबद्दल: शाफ्टच्या दर फेऱ्याला चमकवला तर कॅमची खूण समोरासमोर दोन जागी दिसते, कारण कॅम अर्ध्या वेगाने फिरतो. दर दुसऱ्या फेऱ्याला चमकवला.

दुसरा त्रास लॉक पिनचा. टेबल २० अंश अॅडव्हान्सवर असतानाच बंद केलं होतं. पुन्हा चालू करताना मोटर आधी फिरली, पंप नंतर. दोन सेकंद खडखडाट. कप्पे रिकामे, पिन भोकाबाहेर, आणि रोटर कॅमच्या धक्क्यांवर घराच्या दोन्ही भिंतींवर आपटत होता. थंड इंजिन सुरू करताना ऐकू येणारा चेनसारखा आवाज पुष्कळदा हाच असतो आणि चेन, टेन्शनर उगाच बदलले जातात. ओळखायचं असं: फेजरचा आवाज दाब आला की एक-दोन सेकंदांत पूर्ण थांबतो, ताणलेल्या चेनचा गरम झाल्यावरही वेग वाढवताना-सोडताना येत राहतो.

बंद करण्याचा क्रम ठरवला: आधी शून्याची आज्ञा, २ सेकंद थांबून पिन पडू द्यायची, मग मोटर, शेवटी पंप.

२ फेब्रुवारी

पिन सुटण्याची चाचणी. कॅम धरून अॅडव्हान्सच्या भोकात दाबाची हवा दिली, बाकीची भोकं टेपने बंद, वर चिंधी (तेलाचा फवारा उडतोच). ०.६ बारला पिन सुटली, १.५ बारला रोटर हाताने शेवटपर्यंत गुळगुळीत फिरला.

चालू टेबलावर मात्र थेट १०० टक्के ड्यूटी दिली तेव्हा पाचात एकदा फेजर हललाच नाही. पिन वर येण्याआधी पात्यांवर पूर्ण दाब बसतो, पिन भोकाच्या कडेवर आडवी दाबली जाते आणि अडकते. आधी २०० मिलिसेकंद होल्डच्या किंचित वरची ड्यूटी, मग खरी आज्ञा. त्यानंतर एकदाही अडकली नाही.

८ फेब्रुवारी

सेन्सर. शाफ्टवर ३६ दात्यांतला एक काढलेली चकती, कॅमवर मूळची तीन दात्यांची. दोन्ही हॉल सेन्सर (चुंबकाने दाते ओळखणारे). काढलेल्या दात्यापासून कॅमच्या दात्यापर्यंत किती अंश गेले, त्यातून शून्याचं अंतर वजा केलं की टायमिंग मिळतं. शून्य हे पूर्ण रिटार्डला, लॉक असताना शिकवायचं. चेन, स्प्रॉकेट, चकती यांच्या बारीक फरकांनी इथे कागदावरच्या आकड्यापेक्षा २.४ अंश वेगळं आलं. गाडीत चेन किंवा फेजर बदलल्यावर जुनं शिकलेलं शून्य पुसायचं ते यासाठी.

तीन दाते म्हणजे क्रँकच्या दर २४० अंशांना एक वाचन. ६०० फेऱ्यांना ते ६७ मिलिसेकंदांतून एकदा येतं. त्याहून जलद दुरुस्ती करायला गेलं तर कंट्रोलर आंधळेपणाने ढकलत राहतो. कॅमच्या धक्क्यांची थरथर तर या वाचनांत धड दिसतच नाही. ती बघायला कॅमच्या शेपटीला ३६० रेघांचा एन्कोडर (बारीक कोन मोजणारा सेन्सर) लावला.

चेन मुद्दाम एक दाता चुकवून बसवली. कॅमचे १० अंश, क्रँकचे २०. गाडीत यावर पी००१६ हा दोषाचा कोड येतो: क्रँक आणि कॅमचा मेळ नाही. पण कॅमवरची चकती सरकली तरी हाच कोड येतो, आणि पिन अडकून फेजर अर्ध्यात राहिला तरी येऊ शकतो. कव्हर काढून खुणा डोळ्यांनी जुळवल्याशिवाय निर्णय करू नये.

१५ फेब्रुवारी

कंट्रोल. रचना साधी: शिकलेली होल्ड ड्यूटी, तिच्यावर चुकीच्या प्रमाणात भर, आणि हळू वाढणारी इंटिग्रल (साचत गेलेल्या चुकीची) भर. पीडब्ल्यूएम २५० हर्ट्‌झ. कॉइलला समांतर फ्रीव्हील डायोड.

पहिल्या दिवशी टायमिंग ३० अंशांभोवती ८ अंशांनी झोके घेत होतं. कारण स्पूलची मधली झाकलेली जागा. तिच्या आत ड्यूटी १-२ टक्के हलवली तरी काही होत नाही, तिच्या बाहेर पडली की एकदम वेग येतो. चूक १ अंशाच्या आत आली की इंटिग्रल गोठवायचा, असं केलं. झोके दीड अंशावर आले. दुसरी सुधारणा: फेजर टोकाला टेकलेला असताना इंटिग्रल वाढू द्यायचा नाही. तो वाढत राहिला की पुढची आज्ञा अर्धा सेकंद उशिरा लागू होते.

० ते ३० अंश, ९० अंश सेल्सिअस, ३ बार: जायला ०.२८ सेकंद, परत यायला ०.२१. परतीला कॅमचं घर्षण मदत करतं, म्हणून ती नेहमी जलद. हा फरक उलटा दिसला तर सेन्सरची किंवा नळ्यांची अदलाबदल तपासावी. तेच २० अंश सेल्सिअसच्या तेलात: १.१ सेकंद. बहुतेक ईसीयू तेल पुरेसं गरम होईपर्यंत इनटेकला रिटार्डवरच का ठेवतात, ते इथे दिसतं.

१६ फेब्रुवारी

दाब १ बारवर आणला, तेल ९० अंश, म्हणजे गरम आयडलची नक्कल. आज्ञा ३० अंश. एन्कोडरवर करवतीच्या दात्यांसारखा आलेख: दोन अंश पुढे, दीड मागे, दोन पुढे. कॅमचा धक्का येतो तेव्हा पातं तेलाला आल्या वाटेने पंपाकडे परत ढकलतं. पोचायला १.९ सेकंद.

मूळ इंजिनात इनटेकच्या तेलवाटेवर चेक व्हॉल्व्ह (तेल एकाच दिशेने जाऊ देणारा) ब्लॉकमध्ये होता आणि आपल्याकडे ब्लॉक नाही, ही गोष्ट आधी ध्यानात यायला हवी होती. ओसीव्हीच्या आधी गोळीचा चेक व्हॉल्व्ह बसवला. तीच चाचणी: ०.७ सेकंद. आलेखात मागे जाणं जवळपास नाहीसं, पायऱ्या पायऱ्यांनी पुढे. उलटा धक्का आता अडतो आणि सुलटा धक्का, नाकाच्या उतरत्या बाजूचा, उलट मदतीला येतो. काही फेजर तर मुद्दाम याच शक्तीवर चालवतात: पंपाचा दाब फक्त गळती भरून काढायला, आणि एका कप्प्यातलं तेल चेक व्हॉल्व्हमधून थेट दुसऱ्या कप्प्यात. मिलिमीटरभर सरकणारी एक गोळी, पण तिच्याशिवाय गरम आयडलला हे यंत्र पांगळं आहे.

२२ फेब्रुवारी

मुद्दाम बिघाड करून पाहिले.

जाड तेल, २०डब्ल्यू-५०. १०० अंश सेल्सिअसला ३० ग्रेडच्या तेलाची व्हिस्कॉसिटी ९.३ ते १२.५ सेंटिस्टोक्स, ५० ची १६.३ ते २१.९. गरम असताना ३० अंश सरकायला ०.२८ चे ०.४० सेकंद झाले, फार बिघडलं नाही. २० अंश सेल्सिअसला मात्र तीन सेकंदांहून जास्त. फेजर, ओसीव्ही, सेन्सर सगळं ठणठणीत असताना गाडीत इथे कोड पडू शकतो.

जाळी अर्धी बुजवली. गरम तेलात फरक जेमतेम, थंडीत वेळ दुप्पट. जाळी बुजवणाऱ्यांत गाळाइतकाच दोष सिलिकॉन गॅस्केटचा असतो. कव्हर बसवताना जास्त लावलेला सिलिकॉन आत दोऱ्यासारखा लोंबतो, तुटतो आणि नेमका या जाळीवर येऊन बसतो. ३ मि.मी.ची अखंड रेघ पुरते.

स्पूलखाली पितळेचा केसाएवढा कीस सोडला. स्पूल अॅडव्हान्सकडे उघडा अडकला. ड्यूटी शून्य केली तरी टायमिंग ४४ वर. हाच पी००११, इनटेकचं टायमिंग जास्त पुढे असल्याचा कोड. इंजिनात याचा परिणाम गरम आयडलला थडथड, आणि सिग्नलला थांबल्यावर बंद पडणं.

शेवटी एका पात्याची टोकाची सील काढली. याची सगळ्यात जास्त उत्सुकता होती. थंड तेलात काहीच कळलं नाही. ९० अंश सेल्सिअसला होल्ड ड्यूटी ५८ वरून ६४ वर चढली आणि टायमिंग अडीच अंश पुढे-मागे होऊ लागलं. तेल एका कप्प्यातून दुसऱ्यात जिरतंय, कंट्रोलर ते सतत भरून काढतोय. कोड मात्र पडला नसता, कारण सरासरी टायमिंग बरोबर आहे. स्कॅनरवर होल्ड ड्यूटी दिसत असेल तर गरम इंजिनाला ती टिपून ठेवावी. तीच गाडी वर्षभराने आली आणि तेल तेच असताना आकडा चढलेला असला, तर गळती सुरू झाली आहे.

१ मार्च

टेबलाशेजारच्या भिंतीवर लावायच्या तक्त्याचा मजकूर लिहिला: कोणत्या वेळी टायमिंग कुठे आणि का.

आयडलला पूर्ण रिटार्ड. ओव्हरलॅप नाही, त्यामुळे जळलेला वायू इनटेकमध्ये घुसत नाही आणि इंजिन स्थिर चालतं.

मध्यम भाराला अॅडव्हान्स. मॅनिफोल्डमध्ये (हवा सिलिंडरकडे आणणाऱ्या नळ्यांत) दाब कमी असतो, ओव्हरलॅपमध्ये थोडा जळलेला वायू मागे येतो आणि पुढच्या हवेत मिसळतो. जागा त्याने व्यापली की तेवढ्याच ताकदीसाठी थ्रॉटल जास्त उघडावा लागतो, म्हणजे हवा ओढण्यात वाया जाणारी शक्ती वाचते. ज्वलनाचं कमाल तापमान उतरतं, नायट्रोजन ऑक्साइड घटतात.

पूर्ण भार, कमी फेरे: इनटेक लवकर मिटवायचा. इथे आकडा बोलतो. कनेक्टिंग रॉड स्ट्रोकच्या १.६५ पट धरला तर खालच्या टोकानंतर ४२ अंशांवर पिस्टन स्ट्रोकच्या ९.४ टक्के वर आलेला असतो, ६० अंशांवर १९ टक्के. हळू फिरणाऱ्या इंजिनात तेवढी भरलेली हवा परत बाहेर ढकलली जाते. जास्त फेऱ्यांना उलटं. आत धावणाऱ्या हवेला वेग असतो, पिस्टन वर येऊ लागला तरी ती शिरत राहते, म्हणून व्हॉल्व्ह उशिरा मिटवायचा. एकाच ठरलेल्या कॅमला या दोन्ही मागण्या पुरवता येत नाहीत आणि फेजर त्यासाठीच आहे.

अॅटकिन्सन पद्धतीत ही उशिरा मिटण्याची युक्ती पार टोकाला नेतात. ९० अंशांवर मिटवलं तर दाबायला स्ट्रोकचा ५८ टक्के भागच उरतो, पण प्रसरण पूर्ण स्ट्रोकचं मिळतं. ताकद घटते, इंधन वाचतं. हायब्रिडमध्ये ती तूट मोटर भरून काढते.

तक्त्याखाली इतिहासाच्या चार ओळी. उत्पादनातल्या गाडीत हे पहिल्यांदा आलं १९८० मध्ये, अल्फा रोमिओच्या स्पायडरवर. १९८९ चं होंडाचं व्हीटेक वेगळ्या जातीचं: ते टायमिंग सरकवत नाही, तेलाच्या दाबाने पिन सरकवून रॉकर जोडतं आणि उंच नाकाच्या दुसऱ्या कॅमवर जातं. २००१ मध्ये बीएमडब्ल्यूचं व्हॉल्व्हट्रॉनिक आलं, त्यात उचलच अखंड बदलते आणि हवेचं नियमन थ्रॉटलऐवजी व्हॉल्व्हच करतो. फेजर तेलाऐवजी इलेक्ट्रिक मोटरने फिरवणाऱ्या रचनाही आहेत. त्यांना तेलाच्या दाबाची वाट बघावी लागत नाही, थंड इंजिनातही त्या हलतात. आपलं टेबल मात्र तेलाचंच, कारण रस्त्यावरच्या बहुतेक व्हीव्हीटी गाड्या तशा आहेत.

८ मार्च

गाडीवर दोष शोधण्याचा क्रम, टेबलावर पडताळलेला. स्वस्त आणि सोपं आधी.

तेलाची पातळी, ग्रेड आणि वय. मग ओसीव्हीचा कनेक्टर, आत तेल आलं आहे का. कॉइलचा रेझिस्टन्स थंड असताना ७ ते ८ ओहमच्या आसपास (नेमका आकडा त्या इंजिनाच्या मॅन्युअलचा). वायर तुटली की पी००१० येतो आणि तो तेलाचा दोष नसतो. मग इंजिन गरम, आयडलला, स्कॅनरवरून अॅडव्हान्सची आज्ञा. इंजिन अडखळलं किंवा बंद पडलं तर फेजर हलतोय, ही चांगली खूण. काहीच फरक पडला नाही तर ओसीव्ही बाहेर काढून १२ व्होल्टवर स्पूलचा पूर्ण प्रवास बघायचा आणि जाळी काढायची. जाळी अख्खी आहे ना तेही बघायचं. फाटलेल्या जाळीचे तुकडे पुढे गेलेले असतात. हे ठीक असेल तर प्रत्यक्ष गेज लावून गरम तेलाचा दाब. चेनचं कव्हर यानंतरच उघडायचं.

ओसीव्ही परत बसवताना ओ-रिंग नवी, तेल लावून, न पिळता. जुनी कडक झालेली असते आणि बाहेर गळते.

नवीन फेजर बसवल्यावर पहिल्या सुरुवातीला खडखडाट होणारच, कप्पे कोरडे असतात. इग्निशन तोडून स्टार्टरने दाब येईपर्यंत फिरवून घेतलं तर तो टळतो.

९ मार्च

सील परत घातली, ५डब्ल्यू-३० भरलं, पितळेचा कीस सापडला (स्पूलच्या दुसऱ्या खांद्यामागे). तेल ९० अंश, १ बार, ६०० फेरे, आज्ञा ३० अंश, तीन तास. होल्ड ड्यूटी ५८. एन्कोडरवरची थरथर एक अंशाच्या आत. स्ट्रोब लावला तर खूण कोरल्यासारखी स्थिर, आणि कॅम तिच्याखालून फिरतोय.